‘त्याला कळतं का, की नुसतंच देतो?’ : विशेष शाळेतल्या मुलांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विशेष शाळेतल्या प्रवेशाबद्दल आणि यूडीआयडी कार्डाबद्दल (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) बोललो, तेव्हा वाटलं होतं की आता पुढची पत्रं कागदपत्रांचीच येणार. आली ती वेगळीच. मुलं एकमेकांशी कशी वागतात, कोण कुणाला डबा देतं, कोण कुणाचा हात धरतं आणि त्यात आम्ही मोठ्यांनी काय करायचं, असं विचारणारी. मला मनापासून आनंद झाला, कारण इतकी वर्षं सोलापुरात या मुलांना शिकवतेय, लोक विचारतात बोलेल कधी, लिहील कधी, स्वतःचं स्वतः करेल का, पण त्याला मित्र आहे का हे फार कमी जण विचारतात. म्हणून यावेळची सगळी पानं याच प्रश्नांना. पत्रं जरा छोटी केलीत आणि कुणाची ओळख पटेल असं काढून टाकलंय.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे. डबा रोज रिकामा येतो पण घरी आला की भुकेनं कासावीस असतो. बाईंना विचारलं तर म्हणाल्या शेजारच्या मुलाला देतो, फार प्रेमळ आहे हो तुमचा. सासूबाई म्हणतात ही देवाची लेकरं, यांच्या मनात कपट नसतं. मला बरं वाटतं पण भीतीही वाटते. त्याला कळतं का आपण काय करतोय, की कुणी मागितलं की नुसतंच देतो? उद्या कुणी पैसे मागितले तर तेही देईल. – एक आई, जुळे सोलापूर

ताई, तुमच्या भीतीत आणि आनंदात, दोन्हीत तथ्य आहे. आधी ‘कळतं का’ याचं बघू.

बाईंना सांगून एकदा डब्याच्या सुट्टीत लांब कोपऱ्यात बसा, त्याला दिसणार नाही असं. आणि फक्त बघा की तो कुणाला देतो. जो मागेल त्याला, की ठरलेल्या एकालाच? काय देतो, नावडती भाजी की आवडीचंही? दिल्यावर निघून जातो की समोरचा खातोय का ते बघतो? एका सुट्टीत नाही तर दोन-तीन सुट्ट्यांत तुम्हाला उत्तर मिळेल, आणि ते कुठल्याही टेस्टपेक्षा पक्कं असेल.

मी पाहिलेली एक मुलगी सांगते. तिला दहाच्या पुढं मोजता येत नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हातापायांवर नीट ताबा नाही, उजवी मूठ घट्ट मिटलेली, उघडत नाही. त्याच्या डब्यात कडक भाकरी आली की ही मुलगी ती स्वतःकडं ओढून घ्यायची, बारीक तुकडे करायची, डाळीत टाकायची आणि मग चक्क थांबायची. मधेमधे बोटानं दाबून बघायची मऊ झाली का. मऊ झाली की डबा त्याच्याकडं सरकवायचा, पण सरळ समोर नाही, डाव्या हाताच्या बाजूला. डावा-उजवा हे शब्द तिला अजूनही नीट येत नाहीत हो. पण कुठल्या हातानं तो खातो हे तिनं पाहिलं होतं, मनात ठेवलं होतं आणि त्याप्रमाणं केलं. याला कळणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मदत करायला फार मोठी बुद्धी लागते असं नाहीच. जर्मनीत लाइप्झिगला वॉर्नकेन आणि टोमासेलो या दोघांनी दीड वर्षाच्या बाळांवर प्रयोग केला होता, २००६ साली तो छापून आला. माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात पोचत नाही, किंवा दोन्ही हातांत सामान आहे आणि कपाटाचं दार उघडता येत नाही. बहुतेक बाळांनी निदान एकदा तरी उठून जाऊन मदत केली, कुणी सांगितलं नाही, शाबासकी मिळाली नाही. त्यांना अजून धड बोलताही येत नव्हतं. म्हणजे समोरच्याला काय हवंय हे ओळखायला आकडे, अक्षरं, लांबलचक वाक्यं आधी यायलाच पाहिजेत असं काही नाही.

आता सासूबाईंचं. त्यांची माया मला समजते, पण ‘देवाची लेकरं’ म्हटलं की त्या मुलानं केलेल्याचं श्रेय त्याच्याकडून काढून घेतलं जातं, असं मला वाटतं. या मुलांना राग येतो, हट्ट असतो, दुसऱ्याचा खडू लपवतात, खोटं बोलतात, रुसून बसतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ नंबरचं गुणसूत्र एक जास्त असतं, त्यातून चांगुलपणा आपोआप येत नाही. तुमच्या मुलाला स्वतःची भाकरी स्वतः खाता आली असती आणि भूकही होती, तरी त्यानं दिली, म्हणजे ते त्याचं ठरवणं आहे. तेवढा मान त्याला द्या.

पण एक गोष्ट मात्र लगेच करा. शाळेत काही मुलांना गिळायचा त्रास असतो, विशेषतः सेरेब्रल पाल्सीत. कडक भाकरीचा कोरडा तुकडा, शेंगदाणे, घट्ट कोरडी चटणी, हे अशा मुलाच्या घशात अडकू शकतं, श्वास कोंडू शकतो. काहींना फिटसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं खाणं असतं. म्हणून मुलाला शिकवा, द्यायचंय? आधी बाईंना दाखव. ‘देऊ नको’ असं शिकवू नका, ‘दाखव मग दे’ असं शिकवा. बाईंनाही सांगा की कुणाला काय चालतं ते मुलांना कळेल असं ठेवा, आमच्याकडं डब्यावर रंगीत स्टिकर लावतो, लाल स्टिकरच्या डब्यात बाहेरचं काही टाकायचं नाही, हे वर्गातली सगळी पोरं पाळतात.

भुकेचं सोपं आहे, दोन डबे द्या. मोठा त्याचा, छोटा वाटायचा, आणि मोठा आधी संपवायचा.

पैशाची भीती राहिली. ‘नाही’ म्हणणं ही शिकवायची गोष्ट आहे आणि ती घरातच शिकवावी लागते. आपण लहानपणापासून काय करतो, दे दे, दादाला दे, शाब्बास, आणि सगळे टाळ्या वाजवतो. मुलगा शिकतो की दिलं की टाळ्या. आता थोडं उलटं करा. त्याच्या आवडीच्या शेवटच्या घासाला बाबांनी मागायचं, मला दे. तो नाही म्हणाला तर बाबांनी ‘बरं, तुझा आहे, तू खा’ म्हणून तिथंच सोडायचं, तोंड पाडायचं नाही, चेष्टा करायची नाही. आपलं ‘नाही’ घरात चालतं हे कळलेलं मूल बाहेर म्हणू शकतं. पैशासाठी वेगळा एकच नियम, पैसे फक्त आई-बाबांना विचारून, आणि त्याची प्रॅक्टिस पाहुण्यांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर नाटक करून पुन्हापुन्हा. कंटाळा येईपर्यंत करा.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट नेहमी येते. विशेष मुलांची धावण्याची शर्यत, नऊ मुलं पळतात, एक पडतो, रडतो, आणि बाकीचे सगळेच्या सगळे मागं फिरतात, त्याला उचलतात आणि हातात हात घालून एकत्र फिनिश लाइन पार करतात. हे खरंच घडलंय का? मी पालक मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे. – एक वडील, विजापूर रोड

जरा थांबा दादा. ही गोष्ट जगभर फिरते, कधी सिएटल म्हणतात, आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये कधी हैदराबाद असतं. मूळ घटना १९७६ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी स्पेशल ऑलिम्पिक्सच्या शर्यतीत घडल्याचं सांगतात. एकजण पडला हे खरं, आणि एक किंवा दोघं मागं फिरले, त्याला उठवलं आणि बरोबर पळत शर्यत संपवली, हेही खरं. पण सगळे फिरले नव्हते. बाकीचे पळतच राहिले, जिंकायला आले होते ना ते.

मला तर ही खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा खूप जास्त आवडते. ज्यांनी महिनोन्‌महिने सराव केला आणि पळत राहिले, त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनाही मेडल हवं असतं, विशेष मुलांना हरायला आवडतं असं थोडीच आहे. आणि जो फिरला त्याच्यासमोर दोन्ही गोष्टी होत्या, मेडलही आणि पडलेला मित्रही, त्यातनं त्यानं एक निवडली. सगळेच फिरतात असं सांगितलं की हे निवडणं दिसेनासं होतं आणि मग आपल्या घरातलं मूल जेव्हा पळत राहतं तेव्हा आपल्याला उगाच वाटतं की याच्यात काहीतरी कमी आहे.

मीटिंगमध्ये खरी गोष्ट सांगा, आणि त्याबरोबर तुमच्याच शाळेतली एक सांगा. बाईंना विचारा, मावशींना विचारा, त्यांच्याकडं ढीगभर असतात.

प्रश्न : माझा नातू ९ वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता) आहे म्हणतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नेलं होतं, होम मैदानावर दारूकाम (आतषबाजी) सुरू झालं तसा कानावर हात ठेवून पळत सुटला. त्याच्या मागं जाताना माझा पाय मुरगळला, मी खालीच बसले, डोळ्यात पाणी आलं, तरी त्यानं वळून बघितलं नाही. शाळेतही कुणी रडलं की हा लांब जाऊन बसतो म्हणे. लेकाला म्हणलं, याला माया नाही का रे? तर लेक माझ्यावरच चिडला. आता तुम्हीच सांगा. – एक आजी, बाळीवेस

आजी, पाय आता बरा असेल अशी आशा करते.

माया आहे. पण त्या रात्रीच्या प्रसंगावरून ती मोजू नका. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना आवाज आपल्यापेक्षा किती तरी जास्त लागतो, दारूकामाचा तो दणका त्याला नुसता मोठा वाटत नसेल, दुखत असेल. ज्याला स्वतःला दुखतंय तो आधी तिथून सुटणार, तुम्ही-आम्हीही तेच करू. त्या क्षणी त्याला तुम्ही दिसलाच नसाल.

आणि शाळेत लांब जाऊन बसतो त्याचं मी तुम्हाला माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एका वर्गात असाच एक मुलगा, बोलणं जवळजवळ नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. वर्गात कुणी मोठ्यानं रडायला लागलं की हा उठायचा आणि बोर्डावरची बटणं बंद करायचा, आधी ट्यूबलाइट, मग पंखा. बटणांशी खेळतोय म्हणून नवीन आलेल्या मावशी त्याला ओरडायच्या. पण त्याच्या बाई लक्ष देऊन बघत होत्या. त्याला स्वतःला त्रास झाला की त्याला अंधार लागतो, शांतता लागते, पंख्याची घरघर नको असते. म्हणजे जे त्याला बरं करतं ते तो रडणाऱ्याला देत होता! मग बटणं बंद करून झाली की तो आपल्या दप्तरातून टॉवेलचा एक तुकडा काढायचा. त्याच्या घरी कुणीतरी टॉवेलच्या कारखान्यात होतं, तिथली कडेची पट्टी, ती तो दिवसभर गालाला घासत असतो, कुणी हात लावला तर किंचाळतो. तो तुकडा रडणाऱ्या मुलाजवळ जमिनीवर ठेवायचा, हातात नाही द्यायचा, आणि लांब जाऊन पाठ करून बसायचा. पाठ करून का, तर त्याला स्वतःला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

आजी, आता सांगा, जवळ घेऊन डोळे पुसणं हीच काय ती माया का?

डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये लिहिलं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही ही अर्धीच बाजू झाली, दुसऱ्यांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही, अडचण दोघांच्या मधली आहे. पुढं एडिंबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला, मोठ्या माणसांवर, कानगोष्टींच्या खेळासारखा, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी बाकीच्यांच्या रांगेत पोचली. मिसळलेल्या रांगेत मात्र जास्त गळाली. म्हणजे विशेष शाळेत या मुलांची आपसात जी मैत्री जमते आणि आपल्याला वरून काहीच दिसत नाही, नुसती दोन मुलं शेजारी बसून आपापलं काहीतरी करताना दिसतात, त्यात खूप काही चाललेलं असू शकतं.

तुम्ही घरी एवढं करा. तो तुमच्यासाठी काय करतो ते बघत राहा, तुमचा चष्मा त्याच जागी ठेवतो का, तुमच्या चपला जोडून लावतो का, तुम्ही झोपलात की टीव्हीचा आवाज कमी करतो का. आणि तुम्हाला काही हवं असेल तर चेहऱ्यावरून ओळखेल म्हणून थांबू नका, तोंडानं सांगा, ‘माझा पाय दुखतोय. पाणी आण.’ एवढं सरळ वाक्य. आणून दिलं तर तेच त्याचं पाय दाबणं समजा. पुढच्या संक्रांतीला गड्ड्याला दुपारी न्या, गर्दी कमी असते, कानावर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन मिळतात ते घ्या, आणि दारूकाम लांबच्या एखाद्या गच्चीवरून दाखवा, आधी सांगून, की आता आवाज होणार आहे.

लेकावर रागावू नका. तोही रोज हाच प्रश्न मनात घेऊन फिरत असणार.

प्रश्न : ताई मी व्हॅन चालवतो, विशेष शाळेची पोरं ने-आण करतो, अशोक चौक, अक्कलकोट रोड साईडची. रोज खिडकीसाठी भांडायलेत. पण मागं एका पोराला गाडीतच फिट आली तर सगळी एकदम गप. एकानं दप्तर डोक्याखाली दिलं, एका पोरीनं हात धरला. मी घाबरून चप्पल हुंगवली तर नंतर एक मॅडम लई रागावल्या. खरं काय करायचं? आणि पोरांना यात घ्यावं का? – व्हॅनवाले काका

काका, तुम्ही विचारलंत हेच मोठं काम केलंत. चप्पल, कांदा, लोखंडाची किल्ली, यातलं काहीच फिट थांबवत नाही, ती बहुतेक वेळा आपली आपण थांबते. गाडी बाजूला घ्या आणि पहिल्यांदा घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासात जाणार नाही. गळ्याचं बटण, टाय सैल करा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला. हातपाय दाबून धरायचे नाहीत. दातात चमचा, रुमाल, बोट, काहीही घालायचं नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्ध यायच्या आत परत आली, किंवा पडून लागलं, किंवा श्वास नीट वाटेना, तर १०८ ला फोन, मग शाळेला आणि आई-वडलांना. पाच मिनिटं म्हणजे घड्याळातली पाच, घाबरलेल्या माणसाला एक मिनिटसुद्धा तासासारखं वाटतं, म्हणून घड्याळ.

पोरांना नक्की घ्या. ती आधीच आलीत की, फक्त त्यांना नीट सांगायचंय. दप्तर नको, आत स्टीलचा डबा असतो, डोकं त्यावर आपटेल. गाडीत एक घडी घातलेली सोलापुरी चादर कायमची ठेवा आणि ज्यानं दप्तर दिलं त्यालाच दाखवा की ही चादर तुझी जबाबदारी, फिट आली की डोक्याखाली ही. हात धरणाऱ्या पोरीला सांगा हात घट्ट नाही धरायचा, जवळ बसायचं आणि तो उठला की त्याला सांगायचं, तू व्हॅनमध्ये आहेस, मी अमुक, काका इथंच आहेत. शुद्धीवर येताना मूल पार गोंधळलेलं असतं, ओळखीचा आवाज फार कामाचा. कधीकधी चड्डी ओली होते, त्यासाठी गाडीत दुसरी एक चादर ठेवा, ती लगेच अंगावर टाकायची आणि कुणी हसायचं नाही. हे तुम्ही एकदा स्वतः करून दाखवलंत ना, तर पोरं पुढं तुम्हालाच आठवण करून देतील.

आणि नंतर कौतुक करताना ‘गुणी बाळ’ असं नको, नेमकं बोला, ‘तू डोक्याखाली दिलंस म्हणून त्याला लागलं नाही.’ खिडकीचं भांडण आठवड्याचा तक्ता लावून मिटेल, फोटो लावा, कुणाचा वार कुठला. थोडं भांडू द्या पण, सगळीच पोरं भांडतात.

प्रश्न : आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो, मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. शाळा मराठी. कुणी म्हणतं घरात पण मराठीच बोला नाहीतर ती गोंधळेल. शाळेत मात्र एक तेलुगूवाली मुलगी हिचं सगळं बाईंना सांगते. – एक वडील

घरात तेलुगूच बोला. डाउन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांवर या बाबतीत अभ्यास झालेत, दोन भाषांमुळं मूल आणखी मागं पडतं असं त्यात दिसलेलं नाही, आणि आजी-आजोबांशी बोलायची भाषा तोडली तर मूल घरातच एकटं पडतं. त्या मैत्रिणीला घरी जेवायला बोलवा. फक्त शाळेला सांगा की तिच्यावर दुभाष्याचं कायमचं काम टाकू नका, बाईंनी स्वतः रोजचे दहा-बारा तेलुगू शब्द शिकायला सोलापुरात काय अडचण आहे, बाजारात आपण शिकतोच ना.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ विशेष शाळेत आहे, ८ वर्षांचा. एक मोठा मुलगा, साधारण १५-१६ चा, त्याला खूप सांभाळतो, बूट घालून देतो, हात धरून नेतो, आणि बाथरूमला पण तोच घेऊन जातो. शाळेत सगळे त्याचं कौतुक करतात. मला काहीतरी खटकतंय पण बोलले तर त्या मुलावर संशय घेतल्यासारखं होईल. – एक ताई, कॉलेजमध्ये शिकते

तुला खटकलं ते बरोबर खटकलं. बोल, आजच बोल.

बाथरूमला नेणं, कपडे बदलणं, धुणं हे काम शाळेच्या मोठ्या माणसांचं आहे, मुलांचं नाही, मूल कितीही चांगलं असलं तरी नाही. यात त्या मोठ्या मुलावर आरोप करायचा प्रश्नच नाही. शाळेत माणसं कमी पडतात आणि जो समजूतदार मुलगा असतो त्याच्यावर हळूहळू मदतनिसाचं काम येऊन पडतं, त्याला ‘मॉनिटर’ म्हणतात, कौतुक करतात, आणि त्याचा स्वतःचा शिकायचा वेळ जातो, स्वतःची डब्याची सुट्टी जाते. त्याचंही नुकसान आहे हे. शिवाय दोघांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कारण बंद दारामागं दोन मुलं आणि मोठं कुणी नाही ही परिस्थितीच चूक. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली १८ वर्षांखालची सगळी मुलं येतात, तुझा भाऊही आणि तो मुलगाही.

मुख्याध्यापकांना लेखी दे, आई-वडलांच्या सहीनं, शांत भाषेत, ‘बाथरूमची मदत कर्मचाऱ्यांनीच करावी’ एवढंच. उत्तर नाही आलं तर पालक-शिक्षक मीटिंगमध्ये काढ, तुझ्यासारखं वाटणारे आणखी निघतील. बूट घालायला मदत, हात धरून ग्राउंडवर नेणं, हे चालू राहू दे, त्यात दोघांनाही आनंद आहे. भावाला पण एखादं काम दे त्या दादासाठी करायला, पाण्याची बाटली भरून ठेवणं वगैरे. नेहमी घेणाऱ्यालाही कधीतरी द्यायचं असतं, आणि विशेष मुलांना ही संधी आपण जवळजवळ देतच नाही.

प्रश्न : मी एका नेहमीच्या शाळेत शिक्षिका आहे. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आमची सातवीची मुलं विशेष शाळेत भेटवस्तू, खाऊ घेऊन जाणार आहेत. मुलांमध्ये करुणा निर्माण व्हावी हा हेतू. काय तयारी करून घेऊ?

मॅडम, हेतू चांगला आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते. खाऊ वाटप, गाणं, ग्रुप फोटो आणि तासाभरात परत, असा कार्यक्रम तिथल्या मुलांना अजिबात नवा नाही, डिसेंबरात तर रांग लागते. त्यात तुमची मुलं देणारी आणि तिथली मुलं घेणारी असं ठरूनच जातं.

दिवस बदला, एखादा साधा शनिवार घ्या. सगळा वर्ग नको, सात-आठ मुलं न्या. आणि त्या दिवशी यजमान तिथली मुलं असू द्या, त्यांना काय छान येतं ते तुमच्या मुलांनी शिकायचं. कुणी कागदी पिशव्या करतं, कुणी पणत्या रंगवतं, बोचीचा खेळ तर असा आहे की तुमची सातवीची पोरं पहिल्या दिवशी हमखास हरतील, चेंडू पांढऱ्या छोट्या चेंडूच्या जवळात जवळ टाकायचा असतो आणि आमच्यातली काही मुलं त्यात पक्की तयार आहेत. महिन्यातून एकदा असं वर्षभर चाललं तर नावं कळतील, कोण चिडकं, कोण चेष्टेखोर कळेल. फोटो काढायचे असतील तर आधी पालकांची परवानगी, नसेल तर नको.

आणि एक विचारू का? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीनं. तुमच्या शाळेत अशी किती मुलं आहेत, आणि डब्याच्या सुट्टीत ती कुणाबरोबर बसतात? सुरुवात तिथूनही करता येईल, बस-रिक्षाचा खर्चही नाही.

प्रश्न : माझी मुलगी मार्चमध्ये १८ पूर्ण करेल, शाळा संपेल. तिची एक मैत्रीण आहे, दोघी सात-आठ वर्षं शेजारी बसतात. घरं लांब, एक हत्तुरे वस्तीकडं, एक बाळ्याला. शाळा सुटली की सगळं संपणार का? मोठ्या झालेल्या विशेष मुलांना काम शिकवतात त्या कार्यशाळेत जागा मिळेल की नाही माहीत नाही. मी मैत्रीबद्दल विचारतेय म्हणून घरचे हसतात. – एक आई

हसू द्या त्यांना. तुम्ही विचारताय तो मला या सगळ्या पत्रांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

१८ नंतरचं कायद्याचं आधी उरकून टाका. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं करता येतो, बँकेच्या वगैरे कामाला लागतो. कार्यशाळांची चौकशी मार्चची वाट न बघता आत्ताच, आणि शक्य झालं तर दोघींची एकाच ठिकाणी.

आता मैत्रीचं. ही मैत्री इतकी वर्षं टिकली कारण शाळेनं रोज दोघींना एका जागी आणून बसवलं. तुमची मुलगी स्वतः बस पकडून जाऊ शकत नाही, स्वतः ठरवून भेटू शकत नाही, म्हणजे शाळा जे करत होती ते आता दोन घरांना करावं लागेल, आणि ते दोन आयांच्या ‘बघू, भेटू कधीतरी’ वर सोडलं तर होत नाही, माझा अनुभव आहे. म्हणून वार ठरवा. महिन्यातला एक रविवार, हुतात्मा बाग किंवा सिद्धेश्वर तलावाची बाजू, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एक महिना तुम्ही न्या-आणा, एक महिना त्यांनी. घरात कॅलेंडरवर मैत्रिणीचा फोटो त्या तारखेला चिकटवा, म्हणजे मुलीला मोजता येईल अजून किती दिवस.

फोनमध्ये मैत्रिणीचा फोटो पहिल्याच स्क्रीनवर ठेवा, दाबला की थेट व्हिडिओ कॉल लागेल असा, हे कुणीही नातेवाईक पोरगं पाच मिनिटांत करून देईल. आठवड्यातून एकदा ठरलेली वेळ. सुरुवातीला दोघी काहीच बोलणार नाहीत, एकमेकींकडं बघत बसतील, एखादी खेळणी दाखवेल, एखादी जेवताना फोन समोर ठेवेल, तुम्हाला वाटेल हे काय बोलणं झालं. चालू द्या. शाळेत तरी त्या कुठं तासन्‌तास गप्पा मारत होत्या, शेजारी बसायच्या ना.

आणि वर्गातल्या बाकीच्या पालकांना शाळा संपायच्या आत एका ग्रुपमध्ये घ्या, एकदा पांगले की नंबरही सापडत नाहीत. पहिला कॉल तुम्ही लावून द्या, आणि मग स्वयंपाकघरात निघून जा, मागं उभं राहून ‘बोल ना, बोल ना’ करू नका.